सुंदराचा दात

गुऱ्हाळं नुकती सुरू झाली होती, तेव्हाची गोष्ट. आष्ट्याच्या आमच्या बालवर्गात एका सकाळी माझ्या हातून दात पडला... माझा नव्हे, सुंदराचा.

त्या दिवसांत मुलं यायची ती तोंडाला काकवी माखूनच. निम्म्यांच्या दाढा किडलेल्या. दुखायला लागलं की घरची माणसं हिरडीला मिश्री चोळायची... भाजलेली तंबाखूच ती, पोर गुंगून पडायचं.

म्हणून मी रोज सकाळी मुलांना अंगणात रांगेनं बसवू लागले. दात घासायला प्रत्येकाच्या तळहातावर वस्त्रगाळ राखुंडी आणि चिमूटभर मीठ. एकमेकांची काळी तोंडं बघून मुलं हसून लोळायची.

सुंदरा तेवढी तोंड उघडायची नाही. सहावं लागलेली, एरवी बडबडी मुलगी. मी पाठ वळवली की आपली राखुंडी हळूच शेजारणीच्या हातावर ओतायची.

चार दिवस गोडीनं सांगितलं. पाचव्या दिवशी वाटलं, हा हट्ट आहे, मोडलाच पाहिजे. तिला मांडीवर घेतलं, गुदगुल्या केल्या. ती हसली तशी माझंच बोट आत घालून घासू लागले... आणि खालचा पुढचा दात बोटाबरोबर बाहेर आला.

आधीच हलत असणार तो. ती रडली नाही. माझ्या हातातल्या दाताकडे नुसती बघत राहिली... रडली असती तर बरं झालं असतं.

दुपारी आई न्यायला आली. मी दात पुढे केला आणि हसत म्हणाले, शेणाच्या गोळ्यात घालून कौलावर टाका, नवा छान येईल. तिचा चेहरा उतरला.

"आवं बाई, काय केलंसा हे! तिचा बा पलटणीत हाय न्हवं. जाताना दात मोजून गेलाय तिचं. ईस हायती, आलो की परत मोजणार, एक बी कमी नको म्हणला. तवापास्नं पोरगी भाकरी बी दाढंनं खाती. एक कमी झाला तर बा यायचा न्हाई म्हणती."

चार महिने त्याचं पत्र नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून सुंदरा यायची बंद झाली. मी घरी गेले तर धान्याच्या कणगीमागं जाऊन बसली. दात एका चिंधीत बांधून मुठीत धरलेला... कौलावर टाकू दिला नव्हता.

तिथंच बसून मी तिच्या बाला पत्र लिहिलं. चूक माझी आहे, मुलीची नाही. तुम्ही येणार आहात एवढं तिला कळवा. लिहिलं खरं, पण लढाईवरच्या माणसाकडून असलं वचन मागायचा मला काय अधिकार... पत्र पेटीत टाकल्यावर कितीतरी दिवस हे मनातून जाईना.

परवा उत्तर आलं. सुंदराची आई लेकीला ओढतच घेऊन आली, "वाचा बाई, आदी वाचा!"

पेन्सिलीनं लिहिलेल्या मोजक्या ओळी. ठिकाणाचं नाव लष्करातल्या पत्रं तपासणाऱ्यांनी काळ्या शाईनं खोडलेलं. "सुंदरा, माझा बी एक दात पडला. तुझा खालचा, माझा वरचा. बाईंवर रागवू नगं. रोज दात घास. आलो की दोघांचं मोजू."

मी दोनदा वाचलं. सुंदरानं मान वाकडी करून विचार केला. मग इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्याशी बोलली.

"बाई, बाच्या पलटणीत बी तुमच्यावानी बाई हाय व्हय?"

तिची आई पदर तोंडाला लावून हसली... आणि मग तोच पदर डोळ्यांना. बोलताना सुंदराच्या हिरडीत नव्या दाताचं पांढरं टोक दिसत होतं.

आता कुठल्याही मुलाच्या तोंडाला हात लावण्याआधी मी विचारते. नको म्हणालं तर का नको, तेही विचारते.

त्या माणसाला मी कधी पाहिलेलं नाही. त्याचा दात खरंच पडला की नाही, देव जाणे... पण इतक्या लांबून त्यानं लेकीच्या भीतीतला अर्धा वाटा स्वतःकडे घेतला, आणि जाता जाता माझी चूकही पोटात घातली.