दहा वर्षांची डिझेल गाडी

मीनाक्षीताई दातारांना अर्धांगवायूचा झटका आला, तेव्हा डॉक्टरांपेक्षा उपयोगी पडला तो मयूर विहारातला एक मेकॅनिक. त्याने त्यांच्या गाडीची पुढची सीट दाराबाहेर वळेल अशी करून दिली. सीट बाहेर, बाई सीटवर, सीट आत. त्या सीटच्या जिवावर ताई दर गुरुवारी पहाडगंजच्या मराठी शाळेत जात. उभा जन्म शिकवलं तिथेच. आता नुसतं वाचून घेत. ‘आजी, ये क्या होता है?’ म्हणणाऱ्या दिल्लीच्या पोरांकडून ‘उंबरठा’, ‘कोनाडा’ वदवून घेताना त्यांचं वाकडं झालेलं तोंडही हसे. बाकीचे दिवस नुसते ढकलायचे.

गाडी डिझेलची. यजमान श्यामकांत पेट्रोलियम मंत्रालयातले. डिझेल स्वस्त का ठेवावं याची टिपणं लिहिण्यात त्यांची हयात गेली, मग घरात दुसरी गाडी येणार कशी?

आणि ऐन जुलैत प्रदूषणापायी हुकूम आला: दहा वर्षं झालेल्या डिझेल गाडीला दिल्लीत पंपावर तेल मिळणार नाही. दिसली तर उचलून नेणार.

“थांबा हो जरा. घेतील मागे,” ताई म्हणाल्या.

“आपण सरकारात होतो. आपणच नियम मोडायचा?”

“तुम्ही होतात. मी शाळेत होते.”

श्यामकांतांनी ऐकलं नाही. पहिल्याच दिवशी गाडी भंगारात घातली. ती सीट तरी काढून ठेवावी, एवढंही या शहाण्या माणसाला सुचलं नाही.

आठवडाही उलटला नाही, तोच सरकारने हुकूम पुढे ढकलला. खालच्या मजल्यावरचा राजीव त्यांच्या गाडीहूनही जुनी डिझेल गाडी धूत उभा होता.

“अंकलजी, इतनी जल्दी क्या थी? सरकार तो खुद रुक गई!”

पेन्शनीत नवी गाडी बसणार नव्हती, हे श्यामकांतांना आता आठवलं.

गुरुवारी टॅक्सी बोलावली. ड्रायव्हरने ताईंचा धड हात धरला, श्यामकांतांनी लुळा पाय उचलला. पाय दारातच अडकला. मागून हॉर्न सुरू झाले. ताई घसरल्या; राजीवने पाठीमागून धरलं म्हणून डोकं वाचलं.

“पुढच्या गुरुवारी मोठी गाडी बोलावतो,” वर आल्यावर श्यामकांत म्हणाले.

“ती उंच असते. चढवणार कोण, राजीव?” ताई दम खात होत्या. “वृंदाला फोन करा. म्हणावं, वर्ग दुसऱ्या कुणाला देऊन टाक.”

वृंदा म्हणजे मुख्याध्यापिका, ताईंचीच जुनी विद्यार्थिनी.

“तात्पुरता म्हणून सांगतो.”

“नको. पोरं उगाच वाट बघत बसतील.”

श्यामकांतांनी फोन उचलला, बाल्कनीत गेले आणि मागे दार ओढून घेतलं. काचेतून ताईंना त्यांची पाठ दिसत होती. बराच वेळ त्यांनी नंबरच लावला नाही.