कपाटाखाली गेलेला रुपया

आधीच सांगून ठेवतो, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणाऱ्यांतला नाही. आयुष्यभर कंपाउंडर होतो. मांत्रिकाने बांधलेले गंडेदोरे कात्रीने कापायचे आणि त्याखालची चिघळलेली जखम धुवायची, यात माझी उमर गेली. मासिकाच्या या सदरात दर महिन्याला कोणाला तरी पिंपळाखाली पांढरी साडी दिसते. ते वाचून मी बायकोला म्हणतो, याला आधी जंताचं औषध द्या. तेव्हा आता मीच इथे लिहायला बसलोय म्हटल्यावर ती चहाचा कप आदळून आत गेली.

पण गोष्ट खरी आहे. हिच्यात भूत नाही, पैंजण नाहीत, रात्रसुद्धा नाही. दिवसाढवळ्या, चाळीस माणसांदेखत घडलेली आहे... आणि तिच्यातला चोर मी आहे.

लढाईची वर्षं होती. भोर तेव्हा संस्थान होतं आणि मी भोरातल्या एका दवाखान्यात उमेदवार म्हणून नुकता चिकटलो होतो. उमेदवार म्हणजे काम पूर्ण आणि नोकरी अर्धी. आमचे डॉक्टरसाहेब मुंबईला शिकलेले, स्वभावाने कडक, आणि त्यांना एकाच गोष्टीचं वेड — पुरावा. अमक्या औषधाने तमक्याचा ताप उतरला असं कोणी म्हणालं, की साहेब चष्मा वर सरकवून विचारायचे, "आणि ज्यांनी ते घेतलं नाही, त्यांचा उतरला नाही का?" समोरचा पिशवी उचलून चालू लागायचा. मग साहेब दिवसभर खुशीत.

जपानने जावा घेतलं आणि तिथून येणारं हिवतापावरचं क्विनाईन आमच्याकडे यायचं थांबलं. भादव्यात डोंगरातल्या हिर्डोशीकडे हिवतापाने घरोघर माणसं कुडकुडत पडलेली. मी जाऊन रजिस्टर करून आलो — रोगी चाळीस. कपाटात गोळ्या होत्या जेमतेम वीस जणांच्या. एका वैद्यबुवांचं म्हणणं असं, की सातविणीच्या सालीचा काढा क्विनाईनच्या तोडीस तोड आहे. साहेब म्हणाले, "असेल तर सोन्याहून पिवळं. सातवीण डोंगरात हवी तेवढी आहे. पण बघितल्याशिवाय नाही. वीस जणांना गोळ्या, वीस जणांना काढा, आणि पंधरा दिवस सगळ्यांचा ताप मोजायचा. कोणाला काय द्यायचं हे मी ठरवणार नाही आणि तूही नाही. माणसाने ठरवलं की ओळखीचा पुढे जातो."

हे ते माझ्याकडे बघून म्हणाले नव्हते. तरी मला लागलं. कारण रजिस्टरात सतरा नंबरवर माझी सोना आत्या होती.

माझी आई मी रांगत असतानाच गेली. मला नाचणीची भाकरी दुधात कुस्करून भरवली ती सोना आत्याने. रजिस्टर करायला गेलो तेव्हा ती तीन घोंगड्यांखाली थडथडत होती आणि त्या अवस्थेतही दारातल्या कोंबड्याला शिव्या देत होती. ते दृश्य डोळ्यांपुढून जात नव्हतं.

तर, साहेब रुपया उडवायचे आणि मी लिहायचो. छापा पडला तर गोळी, काटा पडला तर काढा. एका बाजूचे वीस भरले, की उरलेले आपोआप दुसऱ्या बाजूला. सोळा नंबर नीट झाले. सतराव्याला रुपया साहेबांच्या अंगठ्यावरून निसटला, टेबलावर आपटला आणि घरंगळत औषधांच्या कपाटाखाली गेला. मी पोटावर पालथा पडून डोकावलो. धुळीत, एका मेलेल्या झुरळाशेजारी रुपया पडला होता. काटा वर.

"काय आहे?" साहेबांनी वरून विचारलं.

"छापा," मी म्हणालो, आणि रुपया उचलला.

तो रुपया पाहणारा मी एकटा. झुरळ धरलं तर दोघं. पुढचे सगळे नंबर नीट उडवले, नीट लिहिले. एकोणचाळिसाव्याला गोळीवाले वीस पुरे झाले, म्हणून चाळीस नंबर न उडवताच काढ्यात गेला. मी तिकडे लक्षही दिलं नाही. साहेबांनी यादी पाकिटात घालून वर लाख लावली.

तट्टावर पेट्या लादून आम्ही हिर्डोशीला पोचलो. दुसऱ्या दिवशी सकाळी जानाईच्या देवळापुढे सगळे जमले — काही चालत, काही पाठुंगळी, काही घोंगडीसकट. साहेबांनी सगळं समजावून सांगितलं. दोन औषधं आहेत, कोणाला कोणतं ते रुपया उडवून ठरलंय, त्यात कोणाचा वशिला नाही. मी मान खाली घालून पेटीची कडी चाचपत होतो.

तेवढ्यात घोंगडीतून आवाज आला. सोना आत्या.

"डाक्टरसायेब, तुमी भोरात बसून रुपया उडवला. आमी कुनी पायला त्यो?"

मी तिला डोळ्याने खुणावलं. गप्प बस म्हणून.

"डोळा का मारतूस रं मुडद्या? ताप मला हाय का तुला?" मग साहेबांकडे वळून, "हितं जानाई हाय. तिचा कौल लावा. ती म्हनंल त्ये औशद आमी घिऊ. रुपयाचं आमी न्हाई आयकायचो."

लोक माना डोलवायला लागले. बिचारीला काय ठाऊक, की यादीत तिला गोळी लिहिलेली आहे. आपल्या हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेणं मी पुस्तकात वाचलं होतं, त्या दिवशी पाहिलं.

मला वाटलं, साहेब भडकतील. पण साहेबांना पाली गाव आठवलं. आधीच्या महिन्यात राजगडाखाली पालीला त्यांनी असाच प्रयोग केला होता. चार दिवसांनी कळलं, की तिथल्या बायांनी गोळ्या आणि काढा आपसांत निम्मेनिम्मे वाटून घेतलेत. "शेजारनीला कडू काडा आन म्या गोळी खायाची? बरं दिसतं व्हय?" असं त्यांचं म्हणणं. प्रयोग पाण्यात गेला आणि गोळ्याही.

साहेबांनी देवळाच्या धोंडू गुरवाला विचारलं, "देवीने सांगितलं तर हे लोक वाटून घेणार नाहीत?"

"द्येवीनं ज्येचं त्येला दिल्यालं दुसऱ्याला कसं द्यायाचं, सायेब?"

"मग लावा कौल," साहेब म्हणाले. मला हळूच म्हणाले, "रुपया काय आणि फूल काय, चान्स तो चान्स."

कौल म्हणजे असा — देवीच्या दोन्ही खांद्यांवर तेरड्याची एकेक ओली पाकळी चिकटवायची आणि विचारायचं. उजवी आधी पडली तर गोळी, डावी पडली तर काढा. पण साहेब ते साहेब. त्यांनी गुरवाला साबणाने हात धुवायला लावले. पाकळ्या सारख्या मापाच्या निवडल्या. वारा नको म्हणून दाराला घोंगडी टांगली. पाणी किती लावायचं, तर औषधाच्या ड्रॉपरने दोन-दोन थेंब. धोंडू गुरवाने एवढंच म्हटलं, "सायेब, आता द्येवीचीबी नाडी बगता का?" गोळ्या फक्त वीस जणांच्या आहेत, हेही देवीला सांगून ठेवायला साहेब विसरले नाहीत.

मग साहेब कोपऱ्यात बसले, पाकीट फोडलं आणि सहज, गंमत म्हणून, यादीवर खुणा करायला लागले. मी त्यांच्या पाठीशी उभा.

पहिला जुळला. दुसरा जुळला. सहाव्याला साहेब हसले. दहाव्याला हसायचे थांबले. सोळाच्या सोळा जुळले तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता.

सतरा नंबर. आत्या. डावी पाकळी पडली.

"चुकली," साहेब म्हणाले, आणि त्यांनी हुश्श केलं. मला मात्र कपाटाखालचा काटा दिसला. आत्या म्हणाली, "काडा तर काडा," आणि घोंगडी ओढून बसली.

अठरापासून एकोणचाळीसपर्यंत एकही चुकला नाही. साहेबांनी पेन्सिलीचं टोक दोनदा मोडलं.

चाळीस नंबर म्हणजे चिमी. चार वर्षांची पोर, आईच्या खांद्यावर मान टाकून पडलेली. डाव्या बरगडीखाली पानथरी, म्हणजे प्लीहा, एवढी वाढलेली, की परकर कमरेला राहत नव्हता. यादीत तिला काढा होता. उजवी पाकळी पडली.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात हिशेब शिरला. सतराव्याला मी खरं सांगितलं असतं, तर एकोणचाळिसाव्याच्या आधीच काढ्याचे वीस भरले असते, आणि चाळीस नंबर आपोआप गोळीत गेला असता. आत्याला मी यादीत दिलेली गोळी काही आभाळातून पडली नव्हती. ती या पोरीची होती.

साहेबांनी मला दंडाला धरून देवळामागे नेलं.

"अडतीस जुळले, नामदेव. यादी मला आणि तुलाच माहीत होती. तू ती गुरवाला सांगितलीस. ओल्या बोटाने पाकळी कशी पाडायची ते त्याला ठाऊक असणार. उद्यापासून दवाखान्यात येऊ नकोस."

इकडे आड, तिकडे विहीर. गप्प बसलो तर फितूर ठरतो, बोललो तर चोर. शेवटी म्हणालो, "साहेब, मी फोडली असती तर लिहिलेली यादी फोडली असती. मग सतरा आणि चाळीस तरी कसे चुकले?"

"म्हणजे?"

सांगितलं सगळं. झुरळासकट.

साहेबांनी यादी पुन्हा उघडली. त्यांनी यादीवर सतरा खोडला, चाळीस खोडला, पुन्हा पाहिलं. मग तिथल्या दगडावर बसून चष्मा पुसायला लागले. पुसला, घातला, परत काढून पुसला.

"म्हणजे खरी यादी धरली तर..."

"चाळीसच्या चाळीस, साहेब."

"तू हे सांगायला नको होतंस," ते म्हणाले. "दोन चुकले होते, तोवर मला झोप लागली असती."

मग योगायोगाने एवढं जुळायची शक्यता किती ते काढायला त्यांनी यादीच्या पाठीवर दोनाला दोनाने गुणायला सुरुवात केली, चाळीस वेळा. आकडा कागदाच्या कडेला जाऊन पोचला तेव्हा कागद फाडून खिशात कोंबला. मी विचारलं, माझ्या नोकरीचं काय. "तुला काढायचं तर कारण लिहावं लागेल," साहेब म्हणाले. "मी कारण काय लिहू?" अशी माझी नोकरी राहिली.

पंधरा दिवस मी तिथे राहिलो. कोणी गोळी वाटून घेतली नाही, कोणी काढ्याचा घोट ओतला नाही. इतका चोख प्रयोग पुढे साहेबांना कधी जमला नाही. निकाल म्हणाल तर गोळीवाल्यांचे ताप भराभर उतरले आणि काढ्यावाले कण्हत राहिले. साहेबांना फार वाईट वाटलं, पण त्यांनी होतं तसं लिहिलं. विभागणी कशी केली या रकान्यात मात्र 'चिठ्ठ्या टाकून' असं लिहिलं. माझ्या माहितीत त्यांनी लिहिलेलं तेवढंच एक खोटं.

चिमीचा ताप दुसऱ्याच दिवशी डोक्यात चढला होता. दोन दिवस ती आईलाही ओळखत नव्हती. गोळ्या पोटात होत्या म्हणून निभावलं. "आणि काढ्यावर असती तर?" मी साहेबांना विचारलं. पुरावा नसताना ते कधी बोलत नसत. तेव्हाही बोलले नाहीत, नुसते माझ्याकडे बघत राहिले.

आत्याने दिवाळीपर्यंत हाल काढले. एकदा न राहवून मी एक गोळी चोरून तिच्यापुढे धरली. तिने माझा हात झटकला. "ती ज्येची हाय त्येला दे." शेवटी साहेबांनी कुठून तरी थोडं क्विनाईन मिळवलं, ते काढ्यावाल्यांना दिलं, आणि आत्या उठली. तुळशीच्या लग्नाला मी गेलो आणि तिच्यापुढे सगळं ओकलो.

ती चुलीकडे बघत ऐकत होती.

"मंजी म्या चिमीची गोळी खानार व्हते?"

"व्हय, आत्या."

ती उठली. फडताळातून उरलेली साल काढली, मडक्यात उकळली आणि तांब्याभर काढा माझ्यापुढे ठेवला. "पी," म्हणाली. मी प्यालो. तिने आणखी एक तांब्या भरला. तो पिताना मला रडू फुटलं, ते कडवटपणाने की कशाने, मला सांगता येणार नाही. मग तिने माझं तोंड पदराने पुसलं आणि वाढायला घेतलं.

साहेबांना राहवलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात खोलीतलं कपाटबिपाट बाहेर काढून, सतरंजीवर एकट्याने रुपया उडवून त्यांनी नवी यादी केली आणि हिर्डोशीला जाऊन चाळीस कौल लावून घेतले. परत आले ते पेढे घेऊनच. निम्मे जुळले, निम्मे नाहीत. लहान मुलासारखे खूश होते. मी पुढे गुरवाला विचारलं, तर तो म्हणाला, "त्या टायमाला आजारी कोन व्हतं? द्येवीला काय तुमच्या रुपयासंगं ख्येळायचं हाय?"

साहेब गेले, गुरव गेला, आत्याही गेली. उलगडा मला आजवर झालेला नाही. चान्स म्हणावं, तर साहेबांनीच तो कागद फाडला. देवी म्हणावं, तर जीभ रेटत नाही. आमच्याकडे नाणं कपाटाखाली गेलं तर मी वाकत नाही, दुसऱ्याला बघायला सांगतो, एवढं खरं.

चिमी आता तीन लेकरांची आई आहे. दर दिवाळीला भोरला बाजाराला आली की माझ्याकडे नाचणीचे पापड ठेवून जाते. "काका, आई सांगती, तुमी गोळी दिली म्हनून म्या हाय," असं म्हणून पायाही पडते. मी पापड घेतो, आणि तिच्या तोंडाकडे बघण्याचं टाळतो. हा अंक छापून आला की तिला एक पाठवणार आहे. येत्या दिवाळीला पापड आले नाहीत, तर मी समजेन.