दोन बोटं जास्त

एलिहियो गवंड्याने कालवलेला माल आयुष्यात कधी फेकला नाही. मोका गावातल्या निम्म्या भिंती त्याच्या हातच्या. संध्याकाळी घमेल्यात माल उरला, की तो एखादी पायरी, एखादा ओटा शोधायचा आणि थापीने तिथे सारून टाकायचा. बायको म्हणायची, "आपला उंबरा दरवर्षी वाढतोय. एक दिवस शिडी लावून घरात यावं लागेल."

गल्लीत स्पीडब्रेकर घालायचं ठरलं, तेव्हा काम त्याच्याकडेच आलं. असली कामं तिथे गल्लीच करते. सगळ्यांनी मिळून उंची ठरवली, चार बोटं. एलिहियोने चार बोटं केली. माणसं घरी गेली. घमेल्यात माल उरला होता. त्याने तो वर चढवला. सहा बोटं झाली.

मंगळवारी शेजारच्या नीनोची गाडी त्यावर आपटली. नीनो चौतीस वर्षं गावात भाड्याची गाडी चालवतो. मागे चार, पुढे दोन प्रवासी, गाडी खाली दबलेली. इंजिनाखालचा ऑइल चेंबर तळाशी फाटला. तेलाचा काळा पट्टा नीनोच्या दारापर्यंत आला.

शनिवारी दोघे नीनोच्या अंगणात गाडीखाली आडवे झाले. जुन्या गाड्या मोडणाऱ्याकडून नीनोने दुसरा चेंबर आणला होता. फाटका काढून झाला होता.

"ते जुनं पॅकिंग नीट खरवड," नीनो म्हणाला. "कणभर राहिलं तरी गळेल. तुझ्या गच्चीसारखं."

"माझी गच्ची गळत नाही."

"तुझी नाही. तू बांधलेली गळते. माझी."

एलिहियो खरवडत राहिला.

"चार बोटांवर आपटलो," नीनो म्हणाला. "चार. मला वाटत होतं, मी वेग कमी केलाय. केलाच नसणार. योकास्ता म्हणते तेच खरं. डोळे गेले माझे."

योकास्ता त्याची मुलगी. तिने पुढच्या काचेवर 'विकणे आहे' अशी पाटी लावली होती. सोमवारी गिऱ्हाईक येणार होतं. हा चेंबर तेवढ्यासाठीच बसत होता.

एलिहियोने बुधवारीच सांगायचं ठरवलं होतं. युकाचे कंद घेऊन तो नीनोकडे गेलाही होता. कंद दिले आणि परत आला.

चेंबरच्या कडेला सिलिकॉन लावून झालं. एलिहियोने तो दोन्ही हातांनी वर दाबून धरला. नीनो एकेक बोल्ट लावू लागला. आता हात सोडता येणार नव्हते.

"चार नाहीत," एलिहियो म्हणाला. "सहा आहेत."

"बोल्ट?"

"बोटं. स्पीडब्रेकरची. माल उरला होता."

पाना थांबला.

"सहा," नीनो म्हणाला. "गाडी भरलेली असताना सहावर कुणीही आपटेल."

"हो."

"म्हणजे मी वेग कमी केला होता."

"केला असणार."

नीनो हसायला लागला. छातीवरचं ओझं कुणी उचलून नेल्यासारखा हसला. "योकास्ता," त्याने हाक मारली, "काचेवरची पाटी काढ."

"का, बाबा?"

"काढ म्हणतो ना. माझे डोळे ठीक आहेत. एलिहियोकाकाला विचार."

एलिहियोला वाटलं, सुटलो.

नीनोने पुढचा बोल्ट घेतला. "तुला कधी कळलं?"

"मंगळवारीच."

नीनोने आणखी दोन बोल्ट लावले. मग म्हणाला, "बुधवारी तू कंद घेऊन आलास. मी तुझ्यासमोर रडलो."

एलिहियोने मान वळवली, तसा चेंबर हलला.

"धर नीट. सरकतोय."

बाकीचे बोल्ट त्यांनी समोरासमोरचे घेत, थोडे थोडे आवळले. नीनोने एकही टोमणा मारला नाही. सिलिकॉन वाळेपर्यंत थांबायचं होतं.

"तेल ओतायला सकाळी येतो," एलिहियो म्हणाला.

"तेल मी ओतेन."

योकास्ताने दोन कप कॉफी आणली. नीनोने आपला कप उचलला आणि घरात गेला.

एलिहियोने कॉफी उभ्यानेच संपवली. घरून छिन्नी-हातोडा आणला आणि भर चारच्या उन्हात रस्त्यात बसला. माल पक्का धरला होता. घावागणिक चिमूटभर निघत होता. येणारा-जाणारा विचारायचा, स्वतःचंच काम का फोडतोस. जो विचारेल त्याला तो हात थांबवून सांगत होता. सहा बोटं केली होती, मीच. आणि नीनोला चार दिवस सांगितलं नाही.