धोंडी मुलाखतीला आली होती

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींना भीक घालणारी बाई नाही. तुमच्या या सदरात कुणाला चिंचेखाली पांढरी साडी दिसते, कुणाला मागून हाक ऐकू येते... मी वाचते आणि पान उलटते. उभा जन्म एकटीने काढला, अमावास्येला विहिरीवर गेले, मला कधी काही दिसलं नाही. आणि माझं दुखणं तेच आहे. मला दिसलं नाही. दुसऱ्यांना दिसलं.

एकोणीसशे पस्तीसच्या आसपासची गोष्ट. मी चांदवडची. नवरा विषमज्वराने गेला तेव्हा मी ऐन विशीत होते. पदरात एक मुलगी. पहिलं मूल जगलं नव्हतं म्हणून हिचं नाव धोंडी ठेवलं, दगडासारखी टिकेल म्हणून. कसली टिकते! पाचवं लागलं आणि घटसर्पाने गेली.

मग सासरी माझं काय उरलं? दोन वेळचं जेवण, आणि त्याबद्दल दिवसभर ऐकून घेणं. माझ्या दादाला ते बघवेना. मी व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे मराठी सातवी, पास होते, त्या काळी बाईमाणसाला ते पुष्कळ. नाशिकला मास्तरणी तयार करणारं बायकांचं एक ट्रेनिंग कॉलेज होतं. नाव सांगत नाही, उगाच कशाला. राहणं-जेवण तिथेच, आणि बाहेर पडलं की शाळेत नोकरी. दादाने माझ्या सासऱ्यांच्या विनवण्या करकरून परवानगी काढली. ते म्हणाले, एकदा जाऊन या, नाही घेतलं तर पुन्हा हा विषय या घरात नको. म्हणजे माझं जे काय व्हायचं ते त्या एका मुलाखतीत.

तेव्हा गंगापूर रोड म्हणजे पेरूच्या बागा आणि धूळ. तिथलं हे कॉलेज तरी कसलं, भाड्याचा एक बंगला! दादाला व्हरांड्यात बसवलं आणि तिथली एक थोरली विद्यार्थिनी मला सगळं दाखवायला घेऊन गेली. वर्ग, सराव-शाळा, स्वयंपाकघर, मग हॉस्टेल. चालताना ती सारखी मागे बघायची, पाऊल आवरतं घ्यायची, दार धरून जरा जास्तच वेळ उभी राहायची. मला वाटलं, किती रीतीची मुलगी आहे! हॉस्टेलात ओळीने खाटा होत्या, प्रत्येकीखाली एकेक ट्रंक. खिडकीजवळची एक खाट रिकामी होती. तिच्यावर मी हळूच हात ठेवून बघितला. मला ती खाट हवी होती हो... फार हवी होती.

मुलाखतीला सुपरिंटेंडेंट बाई होत्या आणि कमिटीचे एक टक्कल पडलेले गृहस्थ. वाचन झालं, तोंडी हिशेब झाले, सराव-शाळेतल्या मुलींना एक धडा शिकवून झाला. मुली हसल्यासुद्धा. बाई खूश दिसल्या. मग त्यांनी सहज विचारलं, मूलबाळ?

लेकुरवाळ्या बाईला हॉस्टेलात घेत नसत, हा तिथला नियमच होता. मी म्हणाले, नाही. ‘होती, गेली’ एवढं बोलायला गेले असते तर तिथेच हमसून रडले असते, आणि रडक्या बाईला मास्तरीण कोण करणार?

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“मग ही कोण, यमुनाबाई?”

त्या माझ्या डाव्या अंगाला बघत होत्या, माझ्या कमरेच्या जरा वर. मीही बघितलं. जाजम, खुर्चीचा पाय, भिंत. दुसरं काही नाही. मी म्हटलं, कोण? तर बाई चिडल्या. सकाळपासून तुमचा पदर धरून फिरतेय, म्हणाल्या, आणि आम्हालाच विचारता कोण म्हणून? तेवढ्यात त्या गृहस्थांनी खिशातून लिमलेटची गोळी काढली, ‘घे बाळ’ म्हणून हात पुढे केला, आणि जरा वेळाने हसत मागे घेतला. म्हणाले, लाजते.

माझा हात आपोआप पदराकडे गेला. भीतीने नाही. खरंच नाही.

“काय घातलंय तिने?” मी विचारलं.

आता या बाईचं डोकं फिरलंय असंच त्यांना वाटलं असणार. पण बाईंनी सांगितलं. कुसुंबी परकर, हिरवं पोलकं, आणि एका पायाने दुसऱ्या पायाची टाच खाजवत उभी आहे.

कुसुंबी माझा लग्नातला शालू. रंगीत नेसायचं संपलं तेव्हा मी तो फाडून तिला परकर शिवला होता. तिला पुरली तीही त्याच परकरात. नाशकात हे कुणाला ठाऊक असणार?

ते गृहस्थ भले होते. त्यांना मला घ्यायचंच होतं. म्हणाले, “हे बघा, नात्यातली असेल, शेजारची असेल. ती तुमची नाही, एवढं म्हणा. जागा तुमची.”

सोपं होतं. आणि खोटंही नव्हतं, या जगात माझं मूल नव्हतंच. तोंडापर्यंत आलं होतं माझ्या. पण ती तिथे उभी असेल तर? ऐकत असेल तर? पोरीने एवढ्या लांब पदर धरून यायचं, आणि आईच्याच तोंडून हे ऐकायचं?

“माझीच आहे,” मी म्हणाले.

बाई कठोर बोलल्या नाहीत. खोटं सांगितलंत याचं वाईट वाटतं, एवढंच म्हणाल्या. झालं. संपलं.

बाहेर येऊन दादाला सगळं सांगितलं. तो आधी ओरडला, यमे, काय केलंस हे! मग धोतराच्या सोग्यात तोंड घालून रडला. मला वेड लागलंय असंच तो धरून चालला होता. फाटकात टांगा बोलावला. टांगेवाले म्हातारे मुसलमान चाचा होते. मी पायरीवर पाय ठेवला तर म्हणाले, “बच्चीला आधी वर घ्या ना, बाई.”

दादा त्यांच्याकडे बघतच राहिला. मी खाली वाकले, दोन्ही हात पुढे केले, आणि उचलून मांडीवर घेतलं. काहीच लागलं नाही हाताला. वजन नाही, ऊब नाही. तरी स्टँड येईपर्यंत मी हात तसेच धरून बसले होते.

पुढे सासरीच राहिले. जन्म गेला, कसा गेला ते सांगत नाही. माझा डॉक्टर भाचा म्हणतो, मावशी, तुझ्या मनाचा खेळ. अरे, माझ्या मनाचा असता तर मला नसती का दिसली? एक भटजी म्हणाले, अतृप्त जीव. चुलीत गेलं त्यांचं ज्ञान. कसं झालं याचा उलगडा मला आजतागायत नाही, आणि आताशा मी विचारतही नाही. एवढंच विचारते, परक्यांना दिसलीस, मग मला का नाही, बये?

त्या दिवशी परतताना चांदवडच्या मोटारीत मी खिडकीशी बसले आणि शेजारी वीतभर जागा सोडली. कंडक्टर जवळ येत होता. आता हा म्हणेल, पोरीचं अर्धं तिकीट काढा. म्हणू दे, देवा. एकदा म्हणू दे.

त्याने दोन तिकिटं फाडली, दादाचं आणि माझं, आणि मला म्हणाला, बाई, जरा सरकून बसा, जागा रिकामी आहे.