छातीच्या उंचीवरचे प्लग

घर बघायला गेलं की लोक आधी स्वयंपाकघर बघतात. आमचा वायरमन मात्र बोर्ड बघणार! कुणाकडे पाहुणा म्हणून गेला तरी तेच. चहा येईपर्यंत याचा टेस्टर खिशाबाहेर. बायको कपाळाला हात लावायची.

त्या दिवशी मात्र तिचं त्याच्याकडे लक्षच नव्हतं. चौथ्या मजल्यावरच्या भाड्याच्या घरात चढून-उतरून तिच्या गुडघ्यांनी पार हात टेकले होते, आणि हे विकाऊ घर तळमजल्याचं, बैठं. दार उघडलं की रस्ता! तिने मनातल्या मनात पडदेसुद्धा लावून टाकले.

"अहो, हेच घ्यायचं."

वायरमनला मात्र काहीतरी खटकत होतं. फ्रिजचा काय, टीव्हीचा काय, झाडून सगळे प्लग छातीच्या उंचीवर. इतकं गबाळं काम कोण कशाला करेल?

"लहान मुलं बोटं घालतात हो," घरमालक म्हणाला.

घरात मूल तर औषधालाही नव्हतं. झालं, याचे हात शिवशिवायला लागले. भिंतीत खाली एक जुना बोर्ड रंग मारून बुजवलेला होता. मालक फोन घ्यायला बाहेर गेला तसा याने स्क्रू काढला. आत वाळलेला, पिठासारखा बारीक गाळ.

पुराचाच असणार! आता हिला सांगायचं कसं? इतकी घरं पाहिली, पण "हेच" असं ती पहिल्यांदाच म्हणाली होती.

आधी खात्री तर करू, म्हणून तो बाहेर आला. ती मागोमाग आलीच. पण "इथे पुराचं पाणी येतं का?" याला "हो" म्हणून आपल्याच घराची किंमत कुठला शेजारी पाडून घेईल? वायरमन पक्का वस्ताद. कुंपणापलीकडच्या बाईंना त्याने विचारलं, "ताई, पाणी भरतं तेव्हा फ्रिज कुठे ठेवता हो?"

"टेबलावर. आणि आम्ही गच्चीत," बाई बोलून गेल्या आणि त्यांनी जीभ चावली.

"गच्चीत जायचं कुठून?" बायकोने विचारलं.

बाईंनी या घराच्या मागच्या भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे लोखंडी शिडी होती, सरळसोट उभी. बायकोने पहिल्या पायरीवर पाय ठेवला. दुसरीपर्यंत गुडघा काही उचलेना. वायरमन हात द्यायला धावला.

"राहू द्या," ती म्हणाली. "म्हणजे फ्रिजशेजारी मलाही टेबलावरच बसवावं लागेल की तुम्हाला."

ती हसायला गेली आणि तिचे डोळे भरून आले.