चष्मा घरात राहिला, सिस्टर

"सिस्टर, चष्मा घरात राहिला. जरा वाचता का?"

दिवसातून एकदा तरी हे वाक्य माझ्या कानावर पडायचंच. म्हणणारे गृहस्थ आमच्या खालच्या मजल्यावरचे. हातात कधी विजेचं बिल, कधी सोसायटीची नोटीस, कधी स्पेअर पार्टच्या खोक्यावरची मुंगीएवढी अक्षरं. मी भाजीची पिशवी खाली ठेवायची, वाचून दाखवायची आणि वर एक टोमणा मारायची, "अहो, तो चष्मा एकदाचा दोरी बांधून गळ्यात अडकवा की!"

"बिल्कुल. उद्यापासून," ते हसून म्हणायचे.

हा उद्या अकरा वर्षं उगवला नाही आणि मला काही कळलं नाही. मला! सरकारी दवाखान्यात डोळ्यांच्या वॉर्डात चौतीस वर्षं नोकरी केलेल्या नर्सला. दारातून आत येणाऱ्या माणसाची चाल बघून कुठला डोळा अधू आहे ते मी सांगायची, आणि डॉक्टर तपासून तेच लिहायचे. तुम्हीही माणसं बघत असाल, शेजाऱ्यांना ओळखतो असं तुम्हालाही वाटत असेल, म्हणून तुम्हाला सांगते. तो धक्का मला अजून पचलेला नाही.

दिल्लीत मुनिरकाच्या आमच्या फ्लॅटांमध्ये मराठी घरं जेमतेम सात-आठ. हे गृहस्थ मूळचे नगरचे, ख्रिस्ती. मिनिस्ट्रीत सेक्शन ऑफिसर म्हणून रिटायर झालेले. आमच्या गणपतीत आरतीला सगळ्यांत खडा आवाज यांचा, आणि नाताळात त्यांच्या घरच्या करंज्यांवर सगळ्या जिन्याचा हक्क.

रिटायर झाल्यावर पहिल्याच महिन्यात त्यांनी क्रेनला लटकवून एक गाडी आणली. मुनिरका गावातल्या चौधरींच्या गोठ्यातून. चौधरींना गोठा पाडून विद्यार्थ्यांसाठी खोल्या बांधायच्या होत्या, त्यामुळे कित्येक वर्षं तिथे पडलेली ही गाडी आमच्या पार्किंगमध्ये आली. अमेरिकन. दोन दरवाजे, हे एवढं लांब नाक, आठ सिलिंडरचं इंजिन आणि स्टिअरिंग डाव्या बाजूला. टपावर गोवऱ्यांचे गोल गोल डाग, पुढच्या बंपरला म्हशीचं दावं, मागच्या सीटमध्ये उंदरांचा भरला संसार. ते मात्र तिच्याभोवती असे फिरत होते की जणू मुलगी माहेरपणाला आलीय.

त्यांचे वडील एका वकिलातीत ड्रायव्हर होते. तिथला साहेब मायदेशी परत जाताना ही गाडी वडिलांना देऊन गेला. ड्यूटी कशी भरली, कागद नावावर कसे झाले, हे त्यांनी मला तीनदा समजावलं. मला तीनदाही समजलं नाही. "पुढे बिघडली, चौधरींकडे ठेवली, राहिली," एवढ्यावर ते गोष्ट संपवायचे.

दर जानेवारीत आमचं मराठी मंडळ बस करून पानिपतला जातं. युद्धात पडलेल्यांना फुलं वाहायची, तिळगूळ वाटायचा आणि संध्याकाळी परत. बसमधून उतरताना ते दरवर्षी म्हणायचे, "पुढच्या वर्षी मी बसने येणार नाही. माझ्या गाडीने येईन. मी चालवणार, ही शेजारी बसणार."

"तुमच्या गाडीचं पानिपत इथं पार्किंगमध्येच होणार, लिहून ठेवा," आमचे हे त्यांना चिडवायचे.

"एकदाच चालवायचीय हो," ते म्हणायचे, आणि हे म्हणताना मात्र हसायचे नाहीत. "आयुष्यात मी ती एकदाही चालवली नाही. एकदा जमलं की झालं."

त्यांची काम करायची पद्धत मोठी गमतीची होती. बायकोचं, म्हणजे आमच्या वहिनींचं, जुनं इडलीपात्र त्यांनी गाडीखाली पळवलं होतं. प्रत्येक खळग्यात एकेका मापाचे नटबोल्ट. वरच्या ताटलीत बारीक, खालच्या ताटलीत जाड. एकदा झाडूवालीला वाट करून द्यावी म्हणून मी ते पात्र उचललं आणि ताटल्यांची उलटापालट झाली. मृदू बोलणारा हा माणूस माझ्यावर खेकसला. "सिस्टर! हात लावू नका म्हणून किती वेळा सांगितलंय!" मी तरातरा वर निघून गेले. संध्याकाळी ते बर्फीचा पुडा घेऊन आले, दारातच उभे राहिले. "चुकलं माझं. पण त्या ताटल्या जिथल्या तिथे असू द्या हो." मी म्हटलं, रिटायर झाला तरी साहेबी काही जात नाही.

तिन्हीसांजा झाल्या तरी ते दिवा न लावता गाडीत डोकं घालून काम करत बसायचे. आम्ही म्हणायचो, वीज वाचवतोय चिक्कू माणूस. मायापुरीच्या भंगारबाजारातून आणलेला पार्ट ते आधी गालाला लावायचे, मग अंगठा फिरवायचे, मग म्हणायचे, "हा चालेल." आम्ही म्हणायचो, काय हात आहे!

आणि वहिनी! त्या दोघांबरोबर दूध आणायला जाणं म्हणजे रेडिओवर क्रिकेटची कॉमेंट्री ऐकणं. "पायरी आली हो. इथे पाणी साचलंय बरं का. केळीवाला आज मध्येच उभा आहे मेला. स्कूटर येतेय, थांबा." ते नुसतं "बिल्कुल, बिल्कुल" करत चालायचे. मी हसून हसून बेजार व्हायची. घरी येऊन आमच्या यांना वहिनींची नक्कल करून दाखवायची. मी ती नक्कल केली हे आठवलं की आजही लाज वाटते.

मध्ये जुन्या गाड्या उचलून न्यायची धामधूम झाली तेव्हा आमच्या पार्किंगमध्येही क्रेन आली. "अंकलजी, पंद्रह साल से ऊपर की है, उठानी पड़ेगी." आमच्या तोंडचं पाणी पळालं. ते शांतपणे घरात गेले, फाइल घेऊन आले आणि ती माझ्या हातात दिली.

"सिस्टर, चष्मा घरात राहिला. पान सतरा, तिसरा परिच्छेद. यांना दाखवा."

मी पान काढेपर्यंत त्यांनी बोलायला सुरुवातही केली. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना वेगळी नोंदणी मिळते, अर्ज दिला आहे, पोच मिळाली आहे. नियम इंग्रजीत, क्रमांकासकट, स्वल्पविरामासकट. क्रेनवाला कागदावर बोट ठेवून वाचत होता आणि त्याचं बोट त्यांच्या आवाजाच्या मागे पडत होतं. शेवटी क्रेनवाले बिचारे चहा पिऊन गेले. आम्ही टाळ्या वाजवल्या. आमचे हे म्हणाले, "माणूस आहे की फाइल!"

फाइल माझ्याच हातात होती. त्यांनी तिच्याकडे एकदाही पाहिलं नव्हतं. हे मला आता आठवतंय.

गेल्या वर्षी जानेवारीत गाडी तयार झाली. नोंदणी मिळाली, नंबर लागला, रंग लागला. रंगाच्या वेळी डब्याचं झाकण माझ्यापुढे धरून त्यांनी दहादा विचारलं होतं, "पिंपळाच्या जुन्या पानासारखा हिरवा आहे ना, सिस्टर? नीट बघून सांगा हं, बाबांच्या वेळी तोच होता." अशी जुनी गाडी रोज फिरवता येत नाही, प्रदर्शनाला नेता येते. म्हणून या पठ्ठ्याने मंडळाकडून पत्र घेतलं, की पानिपतच्या कार्यक्रमात गाडी लोकांना बघायला ठेवली जाईल. सेक्शन ऑफिसरच तो.

धुकं विरायला दहा वाजले. बस उभी होती, सगळी सोसायटी खाली जमली होती. ते इस्त्रीचा कोट घालून आले. गाडीच्या नाकावरून हात फिरवत फिरवत गेले, दार उघडलं आणि बसले. उजव्या बाजूला.

एकच हशा पिकला. "अहो, अमेरिकन आहे ती! स्टिअरिंग तिकडे!" आमचे हे ओरडले.

"माहीत आहे," ते म्हणाले. मग खिडकीतून किल्ली पुढे केली. "सिस्टर, तुम्ही चालवा."

मी दाराला अगदी चिकटून उभी होते. किल्ली त्यांनी धरली होती माझ्यापासून हातभर लांब, जिथे कुणीच नव्हतं.

"मी? काहीतरीच काय! चष्मा लावा आणि बसा तिकडे मुकाट्याने!"

"चष्मा नाहीच आहे, सिस्टर. त्याचा उपयोग नव्हता."

माझा हात आपोआप वर गेला. चौतीस वर्षांची सवय. ते म्हणाले, "बांगड्या वाजल्या. हात वर केलात ना? बोटं किती ते मात्र विचारू नका."

मी जिन्याच्या पायरीवर मटकन बसले. मी वहिनींकडे बघितलं, तर त्या पर्सचा पट्टा नीट करत होत्या. "काचबिंदू," त्या हळूच म्हणाल्या. "रिटायर व्हायच्या आधीपासून. डावा तर तेव्हाच गेला होता."

"आणि मी काय वरच्या मजल्यावर मेले होते?" मी ओरडलेच. मला त्यांचा राग आला होता, वहिनींचा आला होता आणि स्वतःचा तर विचारूच नका.

"थेंब झाले, पुण्याला लेकीकडे जाऊन ऑपरेशन झालं," ते म्हणाले. "गेलेली नजर परत येत नाही, हे तुम्हीच पेशंटना सांगत होतात ना? तुम्हाला कळलं असतं तर माझ्या हातातला पाना काढून घेतला असतात. गाडी आधी होते की डोळे आधी जातात, एवढाच प्रश्न होता. मागच्या दिवाळीपर्यंत उजव्याने थोडं दिसत होतं. दोन महिने कमी पडले, सिस्टर."

मी विचारलं, "पण मीच का?"

"सगळ्या सोसायटीच्या गाड्या ऐकल्यात मी. क्लच अलगद सोडणाऱ्या तुम्ही एकट्याच आहात."

रोज गिअर खरडणारे आमचे हे खाली बघू लागले.

वहिनी मागे बसल्या. पार्किंगमध्ये चार चकरा मारून मी ते धूड रस्त्यावर काढलं आणि मंडळाच्या बसमागोमाग निघाले. देवाशपथ सांगते, इतकी भीती मला पहिल्या ऑपरेशनच्या दिवशीही वाटली नव्हती. मागून वहिनींची कॉमेंट्री चालू. "ट्रक गेला हो. मोहरी फुललीय दोन्हीकडे. टोलनाका आला." आणि शेजारून "बिल्कुल." मध्येच म्हणायचे, "आता चौथा टाका. मागतेय ती." गाडी खरंच मागत असायची.

पानिपतला लोकांनी गाडी बघितली, फोटो काढले. सगळे जेवायला गेले तेव्हा मी ती बाजूच्या मोकळ्या मैदानात नेली. मी, नियमांवर बोट ठेवून लोकांना भंडावून सोडणारी मी, त्यांना म्हणाले, "इथे चिटपाखरू नाही. या इकडे. मी शेजारी बसते. दहा पावलं तरी चालवा."

ते चाचपडत फिरून आले. बसले. दोन्ही हातांनी स्टिअरिंगची गोलाई पूर्ण फिरून बघितली. इंजिन चालू होतं. नुसता क्लच सोडायचा होता. मग त्यांनी हात खाली नेला आणि किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

"ही गाडी बिघडली नव्हती, सिस्टर."

वहिनी पुढे झुकल्या. हे त्यांनाही नवीन होतं.

"मला नोकरीचा कागद आला त्या दिवशी बाबा म्हणाले, मुनिरकाच्या वळणापर्यंत मी नेतो, तिथून पुढे तू. वळणावर म्हैस होती. भर दुपारी, रस्त्याच्या मधोमध. गाडी तिच्यावर जाऊन आदळली, बाबांनी ब्रेकसुद्धा मारला नाही. उतरून तिला हाताने चाचपू लागले, तेव्हा मला कळलं की यांना दिसत नाही. ड्रायव्हरची नोकरी, सांगणार कुणाला? म्हशीच्या मागे चार पावलांवर चौधरींची सून होती. डोक्यावर घमेलं, पोटुशी. म्हैस मध्ये नसती तर... बाबांनी तिथल्या तिथे किल्ली चौधरींना देऊन टाकली."

"पण इथे खरंच कुणी नाहीये हो," मी म्हटलं.

"असेल. त्या दिवशी बाबांनाही रस्ता मोकळाच वाटला होता."

ते उतरले, गाडीला हात लावत लावत पलीकडे आले आणि मला म्हणाले, "चला, उठा. माझ्या जागेवर बसलात."

मी तिथेच हमसून हमसून रडले. अकरा वर्षं ज्या एका गोष्टीसाठी ते गाडीखाली लोळले, ती हातात आलेली त्यांनी परत ठेवली होती. वरून मलाच रुमाल दिला, तोही जरा बाजूला.

पावसाळ्यात ते गेले. झोपेतच, हृदयविकाराने. गाडी पार्किंगमध्ये आहे. इंजिन आखडू नये म्हणून दर रविवारी मी ती आवारातल्या आवारात फिरवते. वहिनी येतात, पण पुढे बसत नाहीत. मागेच बसतात. उजवी सीट रिकामी असते.

पहिल्या रविवारी आम्ही दोघी निघालो. पाण्याच्या टाकीपाशी वळले आणि मागून आवाज आला, "पुढे खड्डा आहे हो. सांभाळून."

मला खड्डा चांगला दिसत होता. मी आरशात बघितलं. वहिनी माझ्याशी बोलत नव्हत्या. त्या रिकाम्या सीटकडे बघत होत्या, आणि उत्तराची वाट बघत होत्या.

"बिल्कुल," मी म्हटलं, आणि ब्रेकवर पाय ठेवला.