घरातली हालचाल नोंदवही

वडिलांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी घरात पेढे आले नाहीत. आधार कार्डावरची एक जून ही तारीख शाळेतल्या गुरुजींनी अंदाजाने टाकलेली आहे आणि ती कोणी मनावर घेत नाही. एसटीचा वाहक मात्र घेतो. पंचाहत्तरीनंतर एसटीचा प्रवास मोफत असतो. दोन जूनला सकाळी वडील बसस्थानकावर गेले, जाफराबादच्या गाडीत बसले, तिथे उतरून एक कप चहा प्यायले आणि दुपारच्या गाडीने जालन्याला परत आले. काय काम होते, असे आईने विचारले. काही नव्हते, असे त्यांनी सांगितले.

पुढच्या दोन आठवड्यांत ते परतूर, अंबड आणि आष्टीला जाऊन आले. कुठेही काही काम नव्हते. आष्टीहून त्यांनी बाजारातली वांगी आणली, तेवढाच पुरावा. जाताना ते कोणाला सांगत नसत. नोकरीत सदतीस वर्षे सांगून जावे लागले, आता नाही, असे त्यांचे म्हणणे होते. आई मात्र दुपारी तीनपासून गॅलरीत उभी राहायची.

मी एका दैनिकात बातमीदार आहे. घरातल्या प्रश्नावर तोडगा काढण्याचे काम माझ्याकडे आले आणि मी ते एका कागदावर तीन मुद्द्यांत काढले. जाताना सांगून जावे. फोन जवळ ठेवावा. दिवेलागणीच्या आत घरी यावे. वडिलांनी कागद वाचला आणि हे नियम कोणाकोणाला लागू आहेत, असे विचारले. या प्रश्नाची तयारी मी केली नव्हती. सगळ्यांना, असे म्हणून गेलो.

दुसऱ्या दिवशी दाराजवळच्या खिळ्याला सुतळीने बांधलेली एक वही लटकत होती. वडील सरकारी कचेरीत कारकून होते. तिथे बाहेर जाणाऱ्याने हालचाल नोंदवहीत लिहून जायचे असते. तीच वही त्यांनी घरी सुरू केली होती. नाव, ठिकाण, कारण, जाण्याची वेळ, परतण्याची वेळ, सही. रकाने पट्टीने आखलेले होते. शिक्षिका असलेल्या माझ्या पत्नीने रोज ‘शाळा’ लिहिले आणि ती रोज शाळेतच होती. आईने पहिल्या दिवशी ‘दळण’ लिहिले आणि सही करताना लाजली. वडिलांच्या नोंदी नमुनेदार होत्या. ठिकाण : जाफराबाद. कारण : नाही.

महिनाभर वही बरी चालली. मग एका दिवशी वडिलांनी ‘आष्टी, परत पाच वाजता’ असे लिहिले आणि सात वाजले तरी ते आले नाहीत. फोन लावला, तो कपाटातल्या सदऱ्यात वाजला. मी परतूरच्या एका ओळखीच्या बातमीदाराला कळवले. त्याने आष्टीला चौकशी केली. तिथे असे कोणी उतरले नव्हते. आईने आवाज चढवला नाही. ती देवासमोर जाऊन बसली आणि दिवा लावायचा विसरली.

साडेसातला वडील आले. शेअर जीपमध्ये दाटीवाटीने बसल्याने सदरा चुरगळलेला होता. सकाळी आष्टीची गाडी लागलीच नव्हती, शेजारच्या फलाटावर जाफराबादची उभी होती आणि तिच्यात खिडकीची जागा रिकामी होती. परतीची गाडी मात्र आली नाही. एवढे सांगून ते वहीकडे गेले, आपली नोंद वाचली आणि म्हणाले, “खोटी झाली.”

त्यानंतर त्यांनी जाणे बंद केले. आमच्यापैकी कोणी सांगितले नव्हते. दोन-चार दिवस घरात समाधान होते. पाचव्या दिवसापासून ते भेंडीच्या चकत्या किती जाडीच्या असाव्यात हे आईला सांगू लागले. पाण्याची टाकी किती भरली हे काठी घालून बघू लागले. माझी पत्नी शाळेतून चार मिनिटे उशिरा आली, तर चार मिनिटे म्हणू लागले. दहाव्या दिवशी आईने मला स्वयंपाकघरात बोलावले. याच बाईने दीड-दोन महिन्यांपूर्वी त्यांना घरात ठेव म्हणून माझ्यामागे लकडा लावला होता. आता ती हळू आवाजात म्हणाली, “त्यांना कुठं तरी पाठीव बाबा.”

मी वडिलांशी बोललो. चूक झाली, गुन्हा नाही, असे सांगितले. चूक झाली तर कळवायची असते आणि आपण कळवली नाही, असे ते म्हणाले. मी आणखी समजूत काढायला गेलो आणि म्हणालो, “अण्णा, त्या वहीत एवढं कोण बघतंय?”

त्यांनी खिळ्यावरून वही काढली, पाने उलटली आणि माझ्या एका नोंदीवर बोट ठेवले.

“हे काय लिव्हलंय?”

“जिल्हाधिकारी कार्यालय.”

“मी त्या दिवशी स्टँडवरून येत होतो, मस्तगडातून. तू हॉटेलात पोहे खाऊन राह्यला होतास. दोस्त होते संगं.” त्यांनी पान उलटले. “हे बी. आन हे बी.”

तिन्ही नोंदी बरोबर सापडल्या होत्या. आणखी काही होत्या, त्या त्यांना माहीत नव्हत्या.

“मंग तेव्हाच बोलला का नाहीत?”

“तुझी सही हाय खाली. सही असल्यावर मी कशाला इचारू?”

आमच्या दैनिकात चूक झाली की आतल्या पानावर, बारीक टायपात, दुरुस्ती छापतात. त्या दुरुस्त्या मीच लिहितो, बहुतेक दुसऱ्यांच्या. वडिलांनी लाल पेन पुढे केले. मी तीन नोंदींसमोर ‘दुरुस्ती’ लिहून खरे ठिकाण लिहिले. पेन हातातच होते, म्हणून उरलेल्या आठही केल्या. त्यांनी त्या सगळ्या वाचल्या. एका ठिकाणी, सिनेमा चांगला होता का, एवढेच विचारले. मग पेन घेऊन आपली आष्टीची नोंद दुरुस्त केली आणि दोघांच्या सह्यांखाली तारीख टाकली. उद्या जाईन म्हणतो, असे आईला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले. आईने रात्रीच दशम्यांचे पीठ काढून ठेवले.

सकाळची नोंद अशी होती. ठिकाण : आष्टी, गाडी न लागल्यास जाफराबाद. कारण : नाही. परत : पाच वाजता. फोन खिशात असल्याचे त्यांनी खिसा थोपटून दाखवले.

त्या दिवशी साडेचारला माझी पत्नी शाळेतून येत होती. गल्लीच्या तोंडाशी पिठाच्या गिरणीबाहेर एक बाकडे आहे. तिथे वडील मांडीवर पिशवी घेऊन बसलेले होते. तब्येत बरी नाही की काय, म्हणून ती घाबरून जवळ गेली. तब्येत छान होती. परतीची गाडी लवकर मिळाली होती. मग घरी चला, चहा करते, असे ती म्हणाली.

त्यांनी घड्याळात बघितले.

“तू हो पुढं,” ते म्हणाले. “मला अजून पंचवीस मिनिटं हैत.”